माणूस उभा कसा राहतो?

हळदीच्या मोसमात सकाळी सांगलीच्या मार्केट यार्डात गेलात, तर पाठीवर पोते घेऊन चाललेला हमाल तुम्हांला हटकून दिसेल. त्याला आपण सगळेच ओळखतो. म्हणजे हमाल म्हणून ओळखतो. आता मी तुम्हांला दोन-तीन साधे प्रश्न विचारतो. पोते पाठीवर असताना त्याची मान कोणीकडे झुकलेली असते? गुडघे ताठ असतात की किंचित वाकलेले? त्याचे हात कुठे असतात? आणि पोते खाली टाकल्यावर तो सर्वांत आधी काय करतो? आपल्यापैकी पुष्कळांना याची उत्तरे चटकन देता यायची नाहीत. शेकडो वेळा डोळ्यांसमोरून गेलेली गोष्ट आपण पाहिलेलीच नसते, एवढाच याचा अर्थ.

अशा गोष्टी पाहण्याचे आणि पाहिलेले रंगवण्याचे काम ज्यांनी उभ्या आयुष्यात केले, अशा एका मराठी चित्रकाराविषयी आज बोलावयाचे आहे. त्यांचे नाव डॉ. सुधीर पटवर्धन. मी स्वतः चित्रकार नव्हे. महाविद्यालयात मराठी शिकवणारा मी एक अध्यापक आहे. तेव्हा रंगांच्या आणि कुंचल्यांच्या परिभाषेत मी शिरणार नाही. खेड्यात राहणाऱ्या माणसाला आणि शाळेत शिकवणाऱ्या गुरुजींना या चित्रांचा काय उपयोग, एवढेच सांगण्याचा माझा प्रयत्न आहे.

पटवर्धन हे आडनाव सांगलीकरांना काही नवे नाही. पण हे पटवर्धन जन्माने पुण्याचे. जन्मसाल १९४९. चित्रकलेच्या कोणत्याही शाळेत ते गेले नाहीत. पुण्याच्या सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयातून १९७२ साली ते डॉक्टर झाले, पुढल्या वर्षी मुंबईस आले, आणि १९७५ पासून २००५ पर्यंत, म्हणजे तब्बल तीस वर्षे, ठाण्यात क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून त्यांनी काम केले. एकीकडे रोग्यांच्या हाडांची चित्रे पाहावयाची, आणि दुसरीकडे त्याच ठाण्या-मुंबईच्या रस्त्यांवरून चालणाऱ्या माणसांची चित्रे काढावयाची, असा हा दुहेरी संसार. २००५ साली मात्र वैद्यकी सोडून त्यांनी सगळा वेळ चित्रांना दिला.

आता त्यांच्या चित्रांचे विषय पाहा. देवदेवता नाहीत, राजेरजवाडे नाहीत, लढाया नाहीत. १९७७ सालचे एक चित्र आहे 'इराणी रेस्टॉरंट'. इराण्याच्या हॉटेलात मेजाशी बसलेला माणूस. त्याच वर्षीचे दुसरे चित्र एका धावणाऱ्या बाईचे. १९८० सालचे 'ट्रेन' हे चित्र लोकलच्या डब्यातल्या माणसांचे, तर १९८१ सालचे 'ओव्हरब्रिज' रेल्वेच्या पुलावरच्या माणसांचे. बांधकामावरचे मजूर, गल्लीबोळांतली बिऱ्हाडे, रस्त्यावर कोणाची तरी वाट पाहत उभी असलेली माणसे, हाच त्यांचा सारा परिवार. तुम्ही म्हणाल, यात रंगवण्यासारखे काय आहे? चहा पिणारा माणूस तर आमच्या एस. टी. स्टँडवर रोज दिसतो. अगदी बरोबर. तो रोज दिसतो म्हणूनच तो विषय महत्त्वाचा आहे. याचे कारण समजण्यासाठी थोडा वेळ चित्रे बाजूला ठेवू आणि आपल्या भाषेकडे वळू.

मराठीत माणसाच्या बसण्याला किती शब्द आहेत, हे तुम्ही कधी मोजले आहे काय? कोणी मांडी घालून बसतो, कोणी उकिडवा बसतो, कोणी फतकल मारून बसतो, कोणी बसकण मारतो, कोणी रेलून बसतो, कोणी ऐसपैस बसतो, तर कोणी अंग चोरून बसतो. उभे राहण्याचेही तसेच. कोणी ताटकळत उभा असतो, कोणी खांबाला टेकून उभा असतो, कोणी कमरेवर हात ठेवून उभा असतो, आणि कोणी हात बांधून उभा असतो. हे शब्द नुसत्या शरीराचे नाहीत. 'अंग चोरून' म्हटले की त्या माणसाची ती जागा हक्काची नाही, हे लगेच कळते. 'ताटकळत' म्हटले की कोणीतरी त्याला थांबवून ठेवले आहे. 'ऐसपैस' म्हटले की घर त्याचे स्वतःचे आहे, किंवा निदान त्याला तसे वाटते. एकाच माणसाकडे पाहा. शेताच्या बांधावर तो उकिडवा, मोकळा बसलेला असतो. तोच कचेरीत साहेबापुढच्या खुर्चीवर टोकाशी बसतो. माणूस तोच, हाडे-मांस तेच. पण जागा बदलली आणि शरीर बदलले.

आपली आजी-आजोबा मंडळी हे सारे एका शब्दात सांगतात. पटवर्धनांसारखा चित्रकार तेच रेषेत आणि रंगात सांगतो. माणसाची बसण्या-उठण्याची तऱ्हा ही त्याच्या आयुष्याची एक नोंदवही आहे, अशी ती वाचावयाची असते. ही नोंदवही कशी वाचावी, याची पहिली पायरी मात्र अगदी साधी आहे. ती भावनेची नव्हे, वजनाची आहे.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, वर्गात एक प्रयोग करून पाहा. एका मुलाला भिंतीशी असा उभा करा, की त्याचा उजवा खांदा आणि उजव्या पावलाची बाहेरची कड भिंतीला चिकटलेली राहील. मग त्याला डावा पाय उचलावयास सांगा. त्याला तो उचलून धरता येणार नाही. दुसरा प्रयोग असा. मुलाला खुर्चीवर पाठ ताठ ठेवून बसवा, पावले गुडघ्यांच्या बरोबर खाली, हात मांडीवर. आणि सांगा, पुढे न वाकता उठ. कितीही जोर केला तरी तो उठणार नाही. वर्ग हसेल, आणि हसता हसता एक नियम शिकेल. आपल्या सगळ्या शरीराचा भार जणू एका बिंदूतून खाली ओढला जात असतो. त्या बिंदूतून गवंड्याचा ओळंबा सोडला, तर तो आपल्या पावलांनी व्यापलेल्या जागेत पडला पाहिजे. तो बाहेर गेला की माणूस पडतो. एक पाय उचलावयाचा तर सारे शरीर दुसऱ्या पायावर सरकावे लागते. भिंत ते सरकू देत नाही, म्हणून पाय उचलता येत नाही. खुर्चीवरून उठताना आपण नकळत पुढे वाकतो, तेही ओळंबा पावलांवर आणण्यासाठीच.

मनुष्याकृती काढणारा चित्रकार हाच ओळंबा डोळ्यांत घेऊन बसलेला असतो. गळ्याच्या खळगीतून सोडलेला ओळंबा भार घेतलेल्या पायाच्या घोट्याजवळ पडतो, हा चित्रशाळांतून पिढ्यान्‌पिढ्या शिकवला गेलेला धडा आहे. पंढरीचा विठोबा आठवा. दोन्ही पावले विटेवर सारखी, कमरेवर हात, अंगाला कोठेही बाक नाही. भार दोन्ही पायांवर समान. मूर्तिशास्त्रात याला समभंग म्हणतात. आता मुरलीधर आठवा. एका पायावर भार, दुसरा पाय आडवा टाकलेला. मान, कंबर आणि गुडघा अशा तीन ठिकाणी बाक. तो त्रिभंग. विठोबा युगानुयुगे उभा राहील असे वाटते, आणि मुरलीधर आता डोलेल असे वाटते. फरक केवळ भार कुठे टाकला आहे याचा. माणदेशात काठीवर हनुवटी टेकून, एका पायावर भार देऊन उभा राहिलेला धनगर पाहा. ज्या बाजूच्या पायावर भार, तिकडची कंबर वर चढलेली आणि तिकडचा खांदा खाली उतरलेला. ग्रीस देशातल्या मूर्तिकारांनी अडीच हजार वर्षांपूर्वी ही गोष्ट हेरली, आणि त्यांच्या ताठ, लाकडी वाटणाऱ्या मूर्ती एकाएकी श्वास घेऊ लागल्या. आपल्या धनगराला ती कोणी शिकवली नव्हती. दिवसभर मेंढरांमागे उभे राहावयाचे तर पाय आळीपाळीने विसावा घेणारच.

आता या उभ्या माणसावर ओझे ठेवा. डोक्यावर घागर घेतलेली बाई ताठ चालते, कारण घागरीचा भार पाठीच्या कण्यातून सरळ खाली उतरला पाहिजे. कडेवर मूल घेतलेली बाई विरुद्ध बाजूस कलते. एका हातात भरलेली बादली असली की दुसरा हात आपोआप बाहेर फेकला जातो. ऊसतोडीच्या फडात मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढणारी बाई पाहा. फळी हलते आहे, मोळीची दोन्ही टोके हलताहेत, आणि या दोन हलत्या गोष्टींच्या मध्ये तिची मान मात्र स्थिर आहे. तारेवरच्या कसरतीला आपण पैसे देऊन जातो. ही कसरत मात्र आपल्या शिवारात चालते, आणि तिच्याकडे क्षणभरही आपली नजर ठरत नाही.

वर्षानुवर्षे एकच काम केले की ते काम अंगात मुरते. लावणी-भांगलण करणाऱ्या बाईची कंबर, शिंप्याची मान, हमालाचे खांदे, आणि सांगावयास हरकत नाही, आम्हां मास्तरांचे खडू धरणारे बोट, या सर्वांवर धंद्याची मोहोर उठलेली असते. पटवर्धनांच्या चित्रांतली माणसे पाहताना ही मोहोर सारखी जाणवते. त्यांचे देह जड आहेत, हातपाय भरीव आहेत. ती पुतळ्यासारखी ऐटीत उभी नाहीत. जमिनीने त्यांना खाली ओढलेले आहे आणि तरी ती उभी आहेत. क्ष-किरणांच्या खोलीत तीस वर्षे माणसांच्या हाडांकडे पाहिलेल्या डॉक्टरला देहाचा हा भार फार जवळून ठाऊक असणार, असे आपले मला वाटते.

येथे एक शंका निघेल. चित्र तर जागच्या जागी असते. मग त्यात हालचाल कशी दिसते? यासाठी पलीकडच्या देशातले एक उदाहरण घेऊ. फ्रान्समध्ये मिले नावाचा एक चित्रकार होऊन गेला. तो शेतकऱ्याचाच मुलगा. त्याने १८५७ साली एक चित्र काढले. कापणी झालेल्या शेतात तीन बाया सरवा वेचताहेत. सरवा म्हणजे काय हे तुम्हांला सांगावयास नको. एक बाई वाकून शोधते आहे, दुसरी वाकून काडी उचलते आहे, आणि तिसरी अर्धवट उभी आहे, आता वाकेल अशी. बाया तीन, पण आपली नजर एकीवरून दुसरीवर सरकते तेव्हा एकाच बाईचे वाकणे, उचलणे, उठणे पाहिल्यासारखे वाटते. दिवसभर चाललेले ते काम एका चौकटीत सामावले आहे. दूर मागे धान्याच्या मोठमोठ्या गंजी आणि घोड्यावर बसलेला देखरेख करणारा माणूसही दिसतो. गंजी कोणाच्या आणि सरवा कोणाच्या वाट्याचा, हे चित्रकाराने शब्दाने कोठेही लिहिलेले नाही. वाकलेल्या पाठी आणि घोड्यावरची ताठ पाठ यांतच ते आले. त्या काळच्या पॅरिसमधील पुष्कळ प्रतिष्ठितांना हे चित्र मुळीच रुचले नाही. गरिबांची चित्रे एवढी मोठी कशासाठी काढावयाची, असे त्यांना वाटले.

पटवर्धनांपुढेही असाच एक प्रश्न होता. त्यांनी उमेदवारी केली त्या काळात आपल्याकडे अमूर्त चित्रांचा, म्हणजे ज्यांत ओळखीची आकृती नाही अशा चित्रांचा, मोठा बोलबाला होता. त्या चित्रांतही मोठे काम झालेले आहे. परंतु काही चित्रकारांना वाटले, की आपल्या भोवतालचा माणूस चित्रातून असा नाहीसा होता कामा नये. १९८१ साली भूपेन खख्खर, जोगेन चौधुरी, नलिनी मलानी, विवान सुंदरम, गुलाम मोहम्मद शेख आणि सुधीर पटवर्धन या सहा जणांनी मुंबईत आणि दिल्लीत एक प्रदर्शन भरवले. त्याच्या इंग्रजी नावाचा अर्थ 'माणसांसाठी जागा' असा होतो. नाव मोठे अर्थपूर्ण आहे. चित्रात माणसाला जागा हवी, ही पहिली गोष्ट. आणि माणूस ज्या जागेत राहतो ती जागाही चित्रात हवी, ही दुसरी.

ही दुसरी गोष्ट पटवर्धनांच्या चित्रांत पुढे वाढत गेली. प्रारंभीच्या चित्रांत बहुतेक एकच माणूस, मोठा, जवळून पाहिलेला. मग लोकलचा डबा आला, पूल आला. लोकलच्या डब्यात तुम्ही उभे राहिला असाल तर तुम्हांला ठाऊक आहे, की तेथे माणूस हवा तसा उभा राहूच शकत नाही. जागा त्याला उभे करते. हात वरच्या कडीला, खांदा शेजाऱ्याच्या छातीशी, नजर मात्र कोणाच्याच नजरेत न मिसळणारी. देह एकमेकांना चिकटलेले आणि मने दूर. असा हा शहराचा धडा आहे. पुढे पुढे चित्रांत सबंध वस्त्याच येऊ लागल्या. १९८४ सालचे 'टाउन', ठाण्याच्या पोखरण भागावरचे १९९० सालचे 'पोखरण', आणि २००१ सालचे 'लोअर परळ' ही त्यांतली काही चित्रे. माणसे लहान झाली, इमारती, रूळ आणि रस्ते मोठे झाले. पण त्या लहान माणसांपैकी कोणतेही एक निवडा, आणि ते कोणीकडे वळले आहे, कशाला टेकले आहे ते पाहा. तेथेही ओळंबा चुकलेला नसतो.

लोअर परळ हे नाव ऐकल्यावर साताऱ्या-सांगलीच्या माणसाला काही आठवल्याशिवाय राहणार नाही. मुंबईचे गिरणगाव कोकणच्या माणसांनी जसे वसवले, तसेच घाटावरच्या माणसांनीही. पाटण, जावळी, शिराळा या डोंगराळ भागांतून घरटी एक माणूस मुंबईस गेला, असे कैक गावांचे सांगणे आहे. कोणी गिरणीत लागला, कोणी धक्क्यावर आणि बाजारात ओझी वाहू लागला. माथ्यावर ओझे वाहणारा तो माथाडी. सातारा जिल्ह्यातलेच अण्णासाहेब पाटील यांनी या माथाड्यांची संघटना बांधली, आणि १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी कामगारांसाठी कायदा झाला. गिरण्यांचे पुढे काय झाले तेही आपण जाणतो. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा मोठा संप सुरू झाला. त्यानंतर एकेक गिरणी बंद पडत गेली आणि तेथे काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. पटवर्धनांनी 'लोअर परळ' रंगवले ते हा बदल डोळ्यांदेखत घडत असताना. तेव्हा ही चित्रे मुंबईची खरी, पण त्यांतल्या गर्दीत आपल्या गावाकडून गेलेल्या कोणाची तरी चाल असणारच. गावाला दिवाळीत आलेला चाकरमानी वेशीपासून ओळखू येतो ना? तोंड दिसण्याआधी चाल दिसते.

येथे मला ऐकू येते, की तुमच्यापैकी एखादा वडीलधारा गृहस्थ म्हणतो आहे, "मास्तर, हे सगळं ठीक. पण चित्र काढल्यानं हमालाचं ओझं उतरलं का?" प्रश्न रोखठोक आहे आणि त्याला उत्तरही रोखठोक दिले पाहिजे. नाही, उतरले नाही. हमालाची मजुरी संघटनेने आणि कायद्याने वाढते, चित्राने नव्हे. चित्रकारही तसा दावा करीत नाही. पण एक गोष्ट लक्षात घ्या. ऊसतोडीच्या हिशोबात नवरा-बायकोच्या जोडीला काय म्हणतात? 'एक कोयता.' मुकादम विचारतो, किती कोयते आणलेस? माणसे दोन, आणि मोजले जाते ते हत्यार एक. कोणी मुद्दाम वाईट हेतूने हे म्हणतो असेही नाही. रोजच्या व्यवहारात शब्द झिजतो आणि त्याबरोबर नजरही झिजते. मग त्या जोडीतली बाई गरोदर आहे की काय, तिची कंबर धरली आहे की काय, हे 'कोयता' या शब्दात दिसतच नाही. जे दिसत नाही त्याची व्यवस्था करावी असे कोणालाच वाटत नाही. चित्रकाराचे काम या झिजलेल्या नजरेवर आहे. तो कोयते मोजत नाही, माणसे पाहतो. आणि एकदा त्याच्या डोळ्यांनी पाहिले की आपल्यालाही पूर्वीसारखे आंधळे राहता येत नाही. कायदा झाल्यावरही तो पाळला जावा, यासाठी हीच नजर लागते.

दुसरी अडचण तुम्ही सांगाल ती अंतराची. ही चित्रे मुंबई-दिल्लीच्या दालनांत. आम्ही ती पाहावी कोठे? ही गोष्ट खुद्द पटवर्धनांनाही सलत असावी. कारण २००८ च्या सुमारास त्यांनी पुढाकार घेऊन आजच्या भारतीय चित्रकारांच्या चित्रांचे एक फिरते प्रदर्शन महाराष्ट्राच्या निरनिराळ्या शहरांतून नेले, आणि लोकांशी त्यावर बोलणे केले. २०१९ च्या अखेरीस मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांच्या साऱ्या कामाचे मोठे प्रदर्शन भरले होते. मुंबईला जाणे झाले तर अशा दालनांत जरूर डोकवावे. तेथे अंग चोरून जाण्याचे कारण नाही. ती चित्रे तुमच्याआमच्याच विषयी आहेत.

पण मुंबईपर्यंत न जाताही आपल्या दाराशी एक मोठी ठेव आहे, तिची आठवण मला येथे करून द्यावयाची आहे. सातारा जिल्ह्याच्या खटाव तालुक्यात औंध आहे. यमाईच्या डोंगरावर औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी १९३८ साली भवानी चित्रसंग्रहालय बांधले. हे बाळासाहेब (१८६८ ते १९५१) स्वतः चित्रे काढीत. आणि महाराष्ट्रातल्या घराघरांत सूर्यनमस्कार पोचवण्यासाठी त्यांनी जिवाचे रान केले. देहाचा व्यायाम आणि देहाचे चित्र या दोन्हींची आवड एकाच माणसात असावी, हा मला केवळ योगायोग वाटत नाही. शरीर कसे वाकते, कसे तोलते, हे ज्याला कळले त्याला चित्रातले शरीरही कळते. त्या संग्रहालयात राजा रविवर्म्याची चित्रे आहेत, इंग्रज शिल्पकार हेन्री मूर याचे मायलेकराचे छोटे शिल्प आहे, आणि महादेव विश्वनाथ धुरंधर यांची चित्रेही आहेत. धुरंधर कोल्हापूरचे, जन्म १८६७ चा. १८९० साली ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले, शिकले आणि पुढे तेथेच शिक्षक झाले. पौराणिक आणि ऐतिहासिक चित्रांसाठी त्यांचे नाव आहे. पण मुंबईच्या रस्त्यांवरची माणसे, बाजारातल्या बाया, फेरीवाले यांचीही त्यांनी कितीतरी रेखाटने केली. बाईने पदर कसा सावरला, टोपली उतरवताना कंबर कशी वळली, हे त्यांच्या रेषेने अचूक टिपले. पटवर्धनांची दृष्टी वेगळी, काळ वेगळा. पण भोवतालच्या माणसाकडे टक लावून पाहण्याचा वारसा आपल्या मातीत जुना आहे, हे यावरून ध्यानात यावे.

तेव्हा गुरुजींनो, शाळेची सहल औंधला न्या. नेण्यापूर्वी मुलांना एवढेच सांगा, की प्रत्येक चित्रापुढे तीन प्रश्न विचारावयाचे. या माणसाचा भार कोणत्या पायावर आहे? याने क्षणापूर्वी काय केले असेल? आणि ही जागा त्याच्या हक्काची आहे की परक्याची? चित्राचे नाव आणि साल पाठ करण्यापेक्षा या तीन प्रश्नांनी मुले चित्रात अधिक खोल शिरतील.

चित्रकलेच्या तासालाही थोडा फेरफार करता येईल. आपल्याकडे मूल चित्र काढू लागले की डोंगर, मधून उगवणारा सूर्य, नारळाचे झाड आणि झोपडी हे ठरलेले असते. माण-खटावच्या पोराने नारळाचे झाड कधी जवळून पाहिलेलेही नसते. त्याऐवजी एका मुलाला वर्गापुढे उभे करा. हातात पाण्याने भरलेली बादली द्या. बाकीच्यांनी दोन मिनिटांत फक्त पाच-सहा रेषा काढावयाच्या. एक कण्याची, एक खांद्यांची, एक कमरेची, दोन पायांच्या. नाक-डोळे नकोत, कपडे नकोत. दोऱ्याला खडा बांधून ओळंबा करा आणि तपासा. मग बादली दुसऱ्या हातात द्या आणि पुन्हा काढावयास सांगा. रेषा कशा पालटतात ते मुलांचे मुलांनाच दिसेल. यास रंगपेटी लागत नाही, जुन्या वहीची कोरी पाने पुरतात. पुढच्या आठवड्यात मुलांना सांगा, घरी आईला न सांगता अर्धा तास पाहा. ती चुलीपुढे कशी बसते, कशी उठते, उठताना हात कशावर टेकते. आणि मग काढा. ज्या मुलाने आईच्या उठण्याची रेषा काढली, ते मूल दुसऱ्या दिवशी पाण्याची कळशी बहुधा स्वतः उचलील. चित्रकलेच्या तासाकडून याहून अधिक मी तरी काही मागणार नाही.

आणि जे शिक्षक नाहीत, त्यांनी येत्या बाजारच्या दिवशी एवढे करावे. घाई नसेल तेव्हा चावडीच्या किंवा चहाच्या दुकानाच्या कट्ट्यावर घटकाभर बसावे, आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या तोंडांकडे न पाहता त्यांच्या चालीकडे पाहावे. कोण भार वाहतो आहे आणि कोण मोकळा आहे, हे ओझे न दिसताही कळू लागेल.